भाजीच्या ग्रुपवर गेलेला गाल

हे कुणी खरं मानणार नाही, पण करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या तेजलचा गाल एवढा सुजला होता, की भर दुपारी त्याच्या सावलीला दोन कोंबड्या येऊन बसायच्या. जुड्या बांधता बांधता ऐका, हात थांबवू नका.

तेव्हा ही नात माझी आठ वर्षांची. मखमलाबादला आपला हाच मळा. बाजार बंद, म्हणून गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या गेटवर भाजी न्यायचो. सोसायटीचा मोबाइलवर ग्रुप होता. मला कुठलं टाइप करता येतंय? रोज संध्याकाळी ही पोरगीच त्यात बोलून टाकायची, "उद्या मेथी, वांगी, कोथिंबीर. पिशवी आपापली आणा."

त्या दिवशी तिचं तोंडच उघडेना. वरची दाढ. दुधाची नव्हे, कायमची. ताप असा, की कपाळावर मी पापड भाजून खाल्ला. पापडाचं जाऊ द्या, पण सूज डोळ्याकडे चढत होती आणि डोळा मिटत चालला होता. जिथं फोन लावावा तिथं एकच उत्तर, दवाखाना बंद आहे, गोळी द्या. सून स्नेहल लवंग हातात धरून नुसती बसून राहिलेली. हिचा बाप रविराज पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला अडकलेला. त्याला दाखवावं म्हणून मी गालाचा फोटो काढला आणि पाठवला. तो गेला भाजीच्या ग्रुपवर.

पहिलं उत्तर आलं, "अर्धा किलो ठेवा." दुसरं आलं, "काका, हे बीट आहे का?" तिसऱ्या बाईंचा थेट फोनच आला. "डोळा उघडतोय का तिचा? ताप आहे? मग आत्ताच्या आत्ता घेऊन या."

त्या प्रतिभा मॅडम. आम्ही त्यांना दोन जुड्या मेथी नेणाऱ्या बाई म्हणून ओळखायचो. निघाल्या लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर.

भाजीच्या टेम्पोत मायलेकींना घातलं. रामवाडीच्या पुलावर हवालदारानं अडवलं. "काय माल?" मी ताडपत्री वर केली. गाल बघून तो जो शिट्टी वाजवत टेम्पोपुढं पळत सुटला, तो दवाखान्यापर्यंत.

"पळत?" शेजारचा हिरामण म्हणाला.

"पोट सुटलेलं होतं त्याचं, तरी पळाला. तू जुडी बांध."

तर मॅडमनी आमच्यासाठी दवाखाना उघडला. अंगात डोक्यावरच्या टोपीसकट पांढरा सूट, डोळ्यांवर गॉगल, तोंडापुढं काचेसारखा पडदा. तेजलनं पाहिलं आणि जबडा घट्ट आवळला. आई समजावतेय, पण ती ऐकेना. मॅडम तिच्यापुढं खाली बसल्या.

"रोज भाजी सांगते ती तूच ना? आज आवाज आला नाही तुझा. उद्या काय काय आहे?"

"मेथी," ही दातांतल्या दातांत.

"या टोपीत ऐकूच येत नाही बाई. मोठ्यानं सांग."

"वांगी," म्हणायला तोंड उघडलं आणि मॅडमनी हळूच आरसा आत घातला.

"मशीन नाही लावता येणार," त्या म्हणाल्या, "त्यानं थुंकीचे तुषार उडतात. हातानंच करू." मग घेतली पकड. दाढ काही हलेना. मी म्हटलं, मॅडम, सरका. टेम्पोचा दोर आणला, एक टोक दाढेला, दुसरं टेम्पोला, आणि गाडी टाकली दुसऱ्या गिअरला. दाढ जी उडाली, ती सोमेश्वरच्या धबधब्यात जाऊन पडली आणि तिथं पाणी…

"ओ आबा," तेजल म्हणाली. "दाढ काढलीच नव्हती. मॅडमनी पू काढला, औषध दिलं, नंतर तीच दाढ भरली. ही काय, हाय ना इथं. आणि तुम्ही आत होते कुठं? आई होती माझ्याजवळ. तुम्ही तर बाहेर टेम्पोत बसून रडत होते."