उतरलेला गंधार

आमच्या गल्लीत सकाळी सहा ते नऊ या वेळात निदान आठ न्हाणीघरांतून गाणं ऐकू येतं, आणि आठही ठिकाणी गंधार उतरलेला असतो. सा बरोबर, रे बरोबर, आणि पुढच्या पायरीवर माणूस किंचित खाली पाय टाकतो. परक्या माणसाला वाटेल, पाण्याचा दोष असावा. पाणी निर्दोष आहे. दोष माझा आहे.

मी पेट्या दुरुस्त करतो. भाता फाटला, पट्टी अडकली, झुरळाने आत संसार मांडला, काहीही असो, माणसं माझ्याकडे येतात. गायचं म्हणाल तर मी कधी एक ओळ गायलेली नव्हती. हलवायाने कशाला पेढे खायचे, असं मी सांगायचो, आणि लोकांना ते पटायचं.

आठही न्हाणीघरांत गाणारे बाईंचे शिष्य. बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. रोज दुपारी चार वाजता त्या आपल्या पुढच्या खोलीत, येईल त्याला गायला शिकवतात. आवाज कसा आहे हे विचारत नाहीत. पोस्टमन 'सही करा'तल्या 'स'वर इतका अडकायचा, की लोक त्याच्या हातातून कागद ओढून आधीच सही करून मोकळे व्हायचे. बाईंनी त्याला वाक्य गाऊन म्हणायला लावलं. आता तो जिन्याखालून नावांची यादी सुरात पुकारतो. म्हणजे गंधार सोडून सुरात.

आणि माझी बायको. तिची आई गेली तेव्हा ती सात महिने खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी विनोद करून पाहिले. त्यानंतर ती भिंतीकडे अधिकच लक्षपूर्वक बघू लागली. एक दिवस बाई धापा टाकत दोन जिने चढून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या क्लासातली एक जण आजारी पडलीय. मागे साथीला आवाज कमी पडतोय. एवढा आठवडा या ना माझ्यासाठी." कोणीही आजारी नव्हतं, हे मला नंतर कळलं. बायकोला अजून कळलेलं नाही. तो आठवडा संपून चार वर्षं झाली. आता ती पोळ्या लाटताना गाते, आणि गंधारावर आली की माझ्या हातातला घास हातातच राहतो.

"काय झालं? मीठ कमी आहे का?"

"नाही. छान आहे."

"मग तोंड असं का?"

"तोंड असंच आहे. लग्नाच्या वेळी बघितलं नव्हतंस का?"

आता गुन्हा. पेटीच्या पोटात प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक रीड असते. हवा तिला हलवते आणि सूर निघतो. अकरा वर्षांपूर्वी, गवयांना पेटीची साथ करणारे एक मोठे साहेब त्यांची पेटी साफ करायला देऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्यक्रम. माझ्या हातातून पेचकस सटकला आणि मधल्या सप्तकातली एक रीड तुटली. तसली जुन्या घडणीची रीड बाजारात मिळत नाही. पण माझ्या फळीवर त्याच घडणीची दुसरी पेटी होती. बाईंची. भाता बदलायला आलेली.

दोन दिवसांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. बाईंची रीड काढून साहेबांच्या पेटीत बसवली आणि बाईंच्या पेटीत एक साधी नवीन. साहेब कार्यक्रम करून पुढे गेले ते दुसऱ्या देशात स्थायिक झाले. ठणठणीत आहेत असं ऐकतो.

नवी रीड महिन्याभरात उतरली. रीडचं टोक किसलं की सूर चढतो, म्हणून मी किसली. परत उतरली. परत किसली. शेवटी ती इतकी पातळ झाली की आणखी हात लावला असता तर तुटली असती. तेव्हा मी हात लावणं थांबवलं. बाई नेहमी एकाच सुराला सा धरून शिकवायच्या, त्यामुळे ती रीड बरोबर गंधाराच्या जागी बसली होती. बाई दर वर्षी विचारायच्या, "हा जरा खाली वाटतो का हो?" आणि मी कान लावून, डोळे मिटून, एखाद्या वैद्यासारखा म्हणायचो, "नाही बुवा. मला तर नाही वाटत."

सोपं वाक्य होतं. अकरा वेळा म्हटलं.

परवा बायको क्लासहून आली ती न बोलता पिशवी ठेवून बसली. खिडकीशी.

"बाई क्लास बंद करतायत," ती म्हणाली. "औषधवाल्यांची सून गाण्याच्या परीक्षेला गेली होती ना, परीक्षकांनी तिला विचारलं, हा उतरलेला गंधार कुणाकडे शिकलीस? तिने भाबडेपणाने बाईंना येऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, माझे कान गेले. मी तुम्हां सगळ्यांना चुकीचं शिकवलं. उद्यापासून येऊ नका."

"वयोमानाने कान जातात," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. लिहिताना खोडावंसं वाटतंय, पण म्हणालो खरा.

बायको भिंतीकडे बघत होती. तिला मी घरातच सांगायला हवं होतं. खोक्यात मोडीतल्या एका पेटीची त्याच घडणीची रीड पडून होती; बसवली तर सूर बदलेल आणि बाई विचारतील, म्हणून आजवर तिला हात लावला नव्हता. ती मी काढली, घासली, जुळवली, हत्यारं घेतली आणि जिना उतरलो. चांगली रीड बसवून गुपचूप परत यावं, असा बेत होता. कबुलीबिबुली डोक्यात नव्हती, हे स्पष्ट सांगतो.

बाईंनी दार उघडलं. चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या.

"या. पेटी न्यायला आलात? घेऊन जा. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल."

"नाही, जरा बघतो म्हटलं."

"काय बघणार? तुम्ही दर वर्षी बघता. पेटी चोख आहे, तुम्हीच सांगता. बिघडलेय मी." मग हसल्या. "तुम्हाला सांगू? पहिली काही वर्षं माझा आवाज वर जायचा आणि पेटी खाली राहायची. मी आवाजाला दामटून दामटून खाली आणला. म्हटलं, पेटीवाले एवढे खात्रीचे आहेत, तेव्हा मीच चुकतेय."

यावर गप्प बसणं मला जमायला हवं होतं. अकरा वर्षांचा सराव होता. पण पेटी उघडून ती किसून कागद झालेली रीड मी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. सगळं सांगितलं. साहेब, पेचकस, फळी, अकरा वेळा 'नाही बुवा'.

बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पेटीशिवाय, डोळे उघडे ठेवून आपला जुना, वरचा गंधार लावला. मी तोवर बसवलेल्या नवीन रीडची पट्टी दाबली. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की खोलीत एकच उरला.

मला वाटलं आता त्या म्हणतील, जाऊ द्या.

"जाऊ द्या म्हणणार नाही मी," बाई म्हणाल्या. "माझ्या कानांना अकरा वर्षं शिव्या दिल्या मी. तुमच्यासमोर दिल्या. तुम्ही चहा पीत ऐकलंत."

"हो."

"उद्या चारला या. सगळ्यांना निरोप द्या, क्लास आहे म्हणून. तुम्हीच द्या."

मी दारोदार गेलो. दुसऱ्या दिवशी खोली भरली. बाईंनी पट्टी दाबली, चोवीस जणांनी गंधार लावला, आणि असा काही आवाज झाला की सुनेशेजारी बसलेले औषधवालेसुद्धा दचकले.

"पेटी बिघडली!" पोस्टमन म्हणाला.

"काल हे आले होते ना हत्यारं घेऊन," पुस्तकं बांधणाऱ्या काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "चांगली चाललेली पेटी! तुम्हांला हात आवरत नाही का हो?"

"पेटी जुनी झाली होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "यांनी नीट केली. एवढंच."

त्यांनी मला झाकलं. कालच्या रागाखाली मी कसाबसा उभा राहू शकलो होतो. या वाक्याखाली मला बसवेना. मी उठलो आणि सगळं परत सांगितलं, सगळ्यांसमोर, बायकोकडे न बघता. बोलून झाल्यावर बघितलं. ती चटईचा धागा ओढत होती.



"म्हणजे," काकू म्हणाल्या, "आम्ही सगळे बेसूर?"

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत तेच गायलंत. चला, सा पासून."

तासभर चाललं. कुणाचा गंधार वर जाईना. पोस्टमनचा तर सूर तिथे येऊन थांबायचा आणि जुनं अडकणं परत ओठांवर यायचं. बाई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबायच्या, तो निघेपर्यंत. तेवढा वेळ मी जमिनीकडे बघत होतो. मग बाईंनी मान वळवली.

"पेटीवाले, आता तुम्ही."

"मी? मला येत नाही."

"इथे कुणाला येत होतं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हणा." रागावलेली होती, पण 'म्हणा' म्हणाली.

मी गायलो. सा कुठे लागला ठाऊक नाही, रे वाटेत सांडला, आणि गंधाराच्या जागी घशातून जे बाहेर पडलं त्याला पेटीच्या कुठल्याही पट्टीने ओळख दिली नसती. कुणीतरी फिस्सकन हसावं, म्हणून मी वाट पाहिली. हसले असते तर मी त्यात सामील झालो असतो. तेवढं मला जमतं.

चोवीस माणसांपैकी कुणीही हसलं नाही. पोस्टमन थोडा सरकला आणि त्याने मला चटईवर जागा केली.

"परत," बाई म्हणाल्या.