थापीचा रकाना

शालिकराम कुंभार वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते, वाईट माणसाशी भांडायला सोपे जाते. हा पडला गोड बोलणारा, चार लोकांत मान असलेला, दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. आणि त्याच्या हातून जो घोळ झाला, तो कुंभाराच्याच हातून होऊ शकतो.

साल होते एकोणीसशे एकोणसाठ. अकोटच्या पलीकडच्या त्या गावात कुंभारांची सात घरे. त्यांची सोसायटी काढायचे सरकारने ठरवले होते. गावतलावातली माती यापुढे फक्त सोसायटीच्या सभासदाला उचलता येणार होती, आणि सभासद व्हायचे तर वहीत कारागीर म्हणून नाव हवे. त्या कामासाठी अकोल्याहून भगवंतराव नावाचे पर्यवेक्षक एस.टी.ने आले, शालिकरामच्या ओसरीवर सतरंजीवर बसले आणि त्यांनी वही उघडली.

"आधी कामाच्या पायऱ्या सांगा. मग कोण काय करतं ते रकान्यात लिहू."

भिंतीपलीकडच्या अंगणात वच्छला घागर थापटत होती. वच्छला म्हणजे शालिकरामच्या धाकट्या भावाची, देवमनची बायको. ज्याने कधी पाहिले नाही त्याला वाटते, घागर चाकावर होते. चाकावर होते ते घागरीचे तोंड आणि गळा. खाली नुसता जाड भिंतींचा नळकांडा असतो आणि त्याला बूडच नसते. तो एक दिवस सावलीत आंबट-ओला होऊ द्यायचा, मग डाव्या हाताने आतून दगडी गोटा धरायचा आणि उजव्या हाताने बाहेरून लाकडी थापी मारायची. मारता मारता भिंत पातळ होते, पोट फुगते, कडा एकमेकींकडे सरकत जातात आणि शेवटी बूड मिटते. काळ्या मातीचा स्वभाव आखडायचा. नीट थापटली नाही तर ती वाळतानाच तडकते. वऱ्हाडात पाणी घागरीत राहते ते थापीमुळे, आणि थापी सातही घरांत बायकांच्या हातात होती.

"ती धपधप जरा थांबवता का? काही ऐकू येत नाही," भगवंतराव म्हणाले.

वच्छलाने हात थांबवला, म्हणून पुढचे सगळे तिला स्वच्छ ऐकू आले.

शालिकराम बोटांवर मोजत होता. "माती आननं. कुटनं, चाळनं. लीद-राख घालून तुडवनं. चाकावर उतरवनं. सुकवनं. आव्यात भाजनं. झालं."

"आणि बायका?"

"बायायची मदत असते जी. पानी आननं, झाडझूड."

तो खोटे बोलत नव्हता, हेच तर दुखणे होते. आईला थापटताना पाहत तो मोठा झाला, बायकोला थापटताना पाहत म्हातारा व्हायला आला. चुलीवरच्या भाकरीसारखे ते रोज आपोआप होत होते. ते काम आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हते. भगवंतरावांनी सहा पायऱ्यांचे सहा रकाने आखले आणि सातव्यावर 'मदतनीस' लिहिले.

देवमनचे नाव कारागिरांत लागले नाही. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात तो जिनिंगमध्ये मजुरीला गेला होता, तिथे त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. तेव्हापासून माती वच्छला आणायची, तीच तुडवायची. शालिकराम ती आपल्या चाकावर उतरवून द्यायचा आणि बदल्यात वच्छला त्याच्याही घागरी थापटायची. भाजायची मात्र आपल्या अंगणात, आपल्या आव्यात. बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत होती आणि वच्छलाला चाकाचा सोसही नव्हता. पण आता वहीत तिचे नाव मदतनिसांत पडले, म्हणजे तलावाची माती बंद झाली. आणि मातीच नसली तर आवा कशाचा लावायचा?

भगवंतराव जाताना सांगून गेले की पंधरा दिवसांनी परत येईन, प्रत्येक कारागिराने नवी घागर करून ठेवावी, पाणी भरून बघू.

संध्याकाळी शालिकराम बायकोला म्हणाला, "कौशल्ये, तिले सांग, घोर नको करू म्हना. आमच्या अंगनात थापटत जाय, दोघंबी आमच्यातच खात जा." वच्छला चार हातांवर उभी होती, पण भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावजयीशी आणि भावजयीने भासऱ्याशी सरळ बोलायचे नसते.

"बाई, त्यायले सांगा," वच्छला जावेला म्हणाली, "मले अन्नाची भीक नाई पायजे. मी कुंभारीन हावो. झाडझूड करनारी पाहून घ्या म्हना दुसरी."

आणि आपली थापी न् गोटा उचलून ती घरी गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कौशल्या आली आणि पदराखालून आपली थापी काढून वच्छलासमोर ठेवली.

"हे तुह्याच घरी ठेव. माह्या घरी राहिली तं हात सवयीनं तिकडेच जाते."

"भाऊजी रागावतीन ना बाई."

"रागावू दे. सव्वीस साल झाले थापटून राहिली मी. माह्या सासूनं शिकवलं, बोटं फुटले तई कुठं बूड मिटाले लागलं. अन् वहीत काय, तं झाडझूड." कौशल्याचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसले नाहीत.

ही गोष्ट विहिरीवर गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत उरलेल्या पाच घरांतल्या थाप्याही वच्छलाच्या कोनाड्यात येऊन पडल्या. देवमन म्हणाला, "घर हाये का लाकडाची वखार?" पण म्हणताना तो हसत होता, हात गेल्यापासून फार दिवसांनी.

वच्छलाला मात्र झोप लागेना. सोसायटी दुसऱ्या गावाला गेली तर? सातही घरांच्या तोंडची माती आपण काढून घेतली असे होईल. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण भीतीपेक्षा राग दोन बोटे वर होता, म्हणून थाप्या कोनाड्यातच राहिल्या.

इकडे पुरुषांनी स्वतः थापटायला घेतले. शालिकरामने एक फळी तासली, नदीतून गोटा आणला. पहिल्या घागरीच्या पोटात थापी आरपार गेली. दुसरी एका अंगाला लोळली. तिसऱ्या वेळी बोट चेचले. "यंदा मातीच बराबर नाई," तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडे. शेवटी त्याने युक्ती काढली. ओल्या मातीची भाकरी थापली, नळकांड्याच्या खाली चिकटवली आणि तशीच घागर आव्यात घातली. बाकीच्या पाच जणांनी तेच केले.

ठरल्या दिवशी चावडीसमोर सहा घागरी मांडल्या गेल्या. सातही बायका बाजूला उभ्या राहिल्या. भगवंतरावांनी कळशी मागवली आणि पहिली घागर, शालिकरामची, हातात उचलून तिच्यात पाणी ओतायला सुरुवात केली. अर्धी भरली नाही तोच खालची भाकरी सुटली आणि सगळे पाणी साहेबांच्या बुटांवर आले. दुसरीचे तेच झाले. तिसरी त्यांनी लांब धरली.

"तुम्ही कुंभार आहात ना?" त्यांनी विचारले.

तेव्हा वच्छला पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने कपाळापर्यंत ओढला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच भासऱ्याशी सरळ बोलली.

"भाऊजी, सांगा ना सायबाले. कोनती पायरी राहिली?"

शालिकरामने घागरीकडे पाहिले, बायकोकडे पाहिले.

"थापटनं राहिलं, साहेब."

"ते कोण करतं?"

"बाया."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"ध्यानातच नाई आलं जी. ते घरातलं काम हाये नं."

इतके खरे तो आयुष्यात बोलला नसेल. खोटे बोलला असता तर वच्छलाला कमी लागले असते.

भगवंतरावांनी वहीतल्या रकान्यांवर बोट ठेवले. "नमुना वरून ठरून आला आहे, बाई. त्यात बदल करणं माझ्या हातात नाही. पण असं करतो. देवमनचं नाव कारागिरांत घेतो आणि पुढे लिहितो, पत्नीच्या साहाय्याने. तुमची माती तुम्हाला मिळेल."

म्हणजे ती ज्यासाठी आली होती ते पदरात पडत होते. माती मिळत होती, अंगणातला आवा राहत होता. तिने देवमनकडे पाहिले. "तुह्या मनचं कर," तो म्हणाला, "पन माह्या नावानं नको करू. थापी काई मी मारत नाई." मग तिने मागे पाहिले. कौशल्या मान खाली घालून उभी होती, जणू तिला काय मिळायचे नाही ते तिला आधीच ठाऊक होते.

"नाई, साहेब," वच्छला म्हणाली. "तुमच्याजवळ पट्टी हाये ना? मंग रकाना आखा. थापटनं, असं लिहा वरते. अन् खाली सातही जनीचे नावं, कारागीर म्हनून. आमच्या नवऱ्यायच्या पाठीमागं नाई, आमचे सोताचे."

"आणि नाही आखला तर?"

"तं सोसायटीले ह्याच घागरी इका म्हना."

भगवंतराव ओल्या बुटांकडे बघून थोडे हसले. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि मांडीवर वही घेऊन रेघ ओढली. 'मदतनीस'वर काट मारली.

"पहिलं नाव?"

वच्छलाने जावेला पुढे केले.

"लिहा, माही मंडळी हाये ते," शालिकराम म्हणाला. "शालिकरामची—"

"कौशल्या," कौशल्या मध्येच म्हणाली. मग तिने पुन्हा, जोरात सांगितले. "कौशल्या लिहा."

सात नावे लिहून झाली. वच्छलाने आपले शेवटी सांगितले. शालिकरामने सुटकेचा श्वास टाकला आणि आता रीत मोडलीच आहे म्हणून तोही तिच्याशी सरळ बोलला.

"झालं ना मनासारखं? चाल मंग, काढ थाप्या. घरी बारा घागरी उतरवून ठेवल्या मी, वाळून चालल्या त्या."

वच्छलाने भगवंतरावांना विचारले, "साहेब, ह्याच्यावर शिक्का लागते ना?"

"लागतो. पण तो अकोल्याच्या कचेरीत आहे. सोमवारी लागेल."

"मंग सोमवारी थापटू," वच्छला म्हणाली, आणि सातही जणी घराकडे चालू लागल्या.