बटाट्यांच्या किल्ल्यात

मी एक जुना चित्रकथेचा अंक आहे. लोक मला कॉमिक म्हणतात. माझ्या पाठीला पिना नाहीत, पांढऱ्या दोऱ्याचे ओबडधोबड टाके आहेत. मधली काही पानं गायब आहेत आणि उरलेल्यांना अजून बटाट्यांचा वास येतो. मुखपृष्ठावर मात्र पाच कमांडो दिमाखात उभे आहेत, तोंडाला काळं फासून, बंदुका रोखून. बघणाऱ्याला वाटतं, हा अंक केवढा शूर असेल! मित्रांनो, खरं सांगू? माझ्याएवढा भित्रा अंक तुम्हाला शोधून सापडायचा नाही. कपाटाचं दार जरा जोरात लागलं तरी माझी पानं थरथरतात. असं का होतं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका घरघरणाऱ्या छापखान्यात झाला. आधी पिवळा रंग आला, मग लाल, मग निळा आणि शेवटी काळा. लाल रंगाच्या वेळी कागद केसभर सरकला, त्यामुळे आमच्या कॅप्टनचे ओठ त्याच्या हनुवटीवर छापले गेले. गठ्ठे बांधणारा कामगार हसून म्हणाला, "साहेबांना घास नीट खाता यायचा नाही," आणि त्याने मला गठ्ठ्यात ढकललं.

माझी गोष्ट साधी होती. उंच कड्यावर शत्रूचा किल्ला, किल्ल्यात एक नकाशा, आणि तो आणायला निघालेले पाच जवान. ते भिंती चढतात, पहारेकऱ्यांच्या नाकाखालून सरपटत जातात, दारं उडवतात. एका पानावर कॅप्टन ओठांवर बोट ठेवून सांगतो, "काहीही झालं तरी आवाज नको!" ओठ हनुवटीवर असल्यामुळे त्याचं ते बोट माझ्या प्रतीत उगाचच मध्ये कुठेतरी टेकलं होतं. माझ्या जवानांना थंडी वाजत नसे, भूक लागत नसे, आणि भीती तर मुळीच वाटत नसे. तसं काही चित्रात काढलेलंच नव्हतं.

बसस्टँडवरच्या एका टपरीत मी दोरीला लटकत होतो. एका ट्रकड्रायव्हरने मला विकत घेतलं आणि आपल्या बहिणीच्या मुलांना नेऊन दिलं. मुलं दोन होती. मोठी मुलगी, जिला धाकटा ताई म्हणायचा म्हणून शेजारीपाजारीही ताईच म्हणत; आणि तो धाकटा, गोलमटोल गालांचा ढमू. ढमूला अजून जोडाक्षरं वाचता येत नव्हती. ताई वाचायची आणि तो सगळे आवाज काढायचा. धडाम! फट्! खाडखाड! पानं उलटून उलटून माझे कोपरे मऊ झाले. एवढं प्रेम एखाद्या अंकाच्या वाट्याला क्वचितच येतं. माझी छाती अभिमानाने भरून यायची.

त्यांची आई एका मोठ्या शीतगृहात बटाटे निवडायचं काम करायची. कामगारांच्या खोल्या शीतगृहाच्या भिंतीलाच लागून होत्या. रोज कामावर निघताना ती बजावायची, "आवारात पाय ठेवायचा नाही. साहेबांनी तुम्हाला आत पाहिलं तर माझं काम जाईल. मग काय खाणार आहात, हे पुस्तक?" मुलं माना डोलवायची. पण शीतगृहाच्या उंच, बिनखिडक्यांच्या भिंती त्यांना दिवसभर दिसायच्या. आणि दारावर पितळी बटणांचा लांब कोट घातलेला, पोट सुटलेला पहारेकरी उभा असायचा. मुलांनी त्याचं नाव जनरल ठेवलं होतं. किल्ला होता, शत्रू होता. बाकी सगळं माझ्यात होतंच.

एका शनिवारी दुपारी ताईने हुकूम सोडला. "शत्रूच्या किल्ल्यातून एक बटाटा आणायचा."

"आपल्या घरी आहेत की बटाटे," ढमू म्हणाला.

"ते घरचे. हा पकडून आणायचा."

ढमूला ते एकदम पटलं. ताईने मला फ्रॉकच्या पट्ट्यात खोचलं आणि दोघं निघाली. शनिवारी काम लवकर संपायचं. शेवटची हातगाडी पोती घेऊन बाहेर पडत होती आणि जनरल गाडीवाल्याशी गप्पा मारत होता. मुलं पोत्यांच्या आडून सरकत सरकत एका उघड्या दारातून आत शिरली. मला आनंदाने नाचावंसं वाटलं. माझी गोष्ट खरी होत होती!

आत पाऊल टाकताच माझा कागद ताठ झाला. छतापर्यंत रचलेली पोती, मधून अरुंद वाटा, आणि वर कुठेतरी घोंघावणारे पंखे. ते गार वारं नुसतं खाली फेकत होते. ताईच्या अंगावर पातळ फ्रॉक, ढमूच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एका फाटक्या पोत्यातून ढमू बटाटा निवडू लागला. "हा लहान आहे. ह्याला डोळा आलाय. हा शत्रूचा वाटत नाही."

"अरे, घे ना कुठलाही!"

तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. ताईने ढमूला खाली दाबलं. जनरलने आत डोकावलंसुद्धा नाही. जाडजूड दार धप्पकन लागलं, बाहेरून कडी पडली आणि दिवा गेला.

मित्रांनो, अंधार मी पाहिला होता. मिटलेल्या अंकाच्या आत अंधारच असतो. पण हा तसा नव्हता. ताईचं पोट माझ्यावर टेकलेलं होतं, आणि ते ससाण्याने धरलेल्या चिमणीसारखं धडधडत होतं.

"ताई..."

"श्शऽऽ! तो गेला की आपण दार उघडू. आतून मूठ असते. आईने सांगितलंय."

दोघं चाचपडत दारापर्यंत गेली. ताईचे हात गार पत्र्यावरून फिरले. वर, खाली, बाजूला. मग तिच्या बोटांना लोखंडाचा एक आखूड खुंट लागला. मूठ होती कधीकाळी. आता तुटलेली होती. तिने खुंट दोन्ही हातांनी पिरगळला, पाय लावून ओढला. काही हललं नाही. मग ती एकदम थांबली, आणि मला कळलं की तिला आठवलं. उद्या रविवार होता. उद्या इथे कुणीच येणार नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाहेर पावलं ऐकू आली. यंत्रावरचा मिस्त्री दाराबाहेरचा तापमानाचा काटा बघायला आला असावा. ढमूने ओरडायला तोंड उघडलं आणि ताईने त्यावर हात दाबला. "पकडले गेलो तर आईचं काम जाईल," ती त्याच्या कानात कुजबुजली. "कॅप्टनने काय सांगितलंय? काहीही झालं तरी आवाज नको."

मी आतल्या आत किंचाळत होतो. ओरड, ताई, ओरड! पण माझ्यातले सगळे आवाज शाईचे. एवढं धडाम, एवढं खाडखाड, आणि त्यातलं एकही कुणाच्या कानावर पडत नाही. पावलं पुढे गेली, विरली. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या कॅप्टनचा राग आला.

थंडी वाढत गेली. ढमूचे दात वाजू लागले. ताईने एक रिकामं पोतं शोधून त्याच्याभोवती गुंडाळलं, त्याला मांडीवर घेतलं, त्याचे हात स्वतःच्या काखेत धरले. बराच वेळ त्याचे दात वाजत होते. मग थांबले.

"ताई, आता थंडी नाही वाजत. झोप येते."

ताई शहाणी होती. हे ऐकून तिला हायसं वाटलं नाही; गारठलेल्या माणसाला अशी झोप येणं वाईट, हे तिला माहीत होतं. "झोपायचं नाही! ढमू! डोळे उघड!" तिने मला पट्ट्यातून ओढून काढलं आणि फाडायला सुरुवात केली.

मला वाटलं होतं, फाटणं ही अंकाच्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट असते. पिना निखळल्या. कडा चढणारं पान ढमूच्या उजव्या बुटात गेलं, किल्ल्याचं दार उडवणारं डाव्या बुटात. बाकीची पानं चुरगाळून तिने त्याच्या शर्टात कोंबली, छातीवर, पाठीवर. मी त्याच्या अंगाला चिकटून बसलो. त्याची कातडी माशासारखी गार होती. मला फाटल्याचं दुःख करायला सवडच नव्हती. ह्याच्या अंगातली एवढीशी ऊब बाहेर जाता कामा नये, एवढंच मला कळत होतं. स्वतःसाठी तिने एकही पान ठेवलं नाही.

"गोष्ट सांग," ढमू पुटपुटला. त्याची जीभ जड झाली होती.

ताई अंधारात पाठ गोष्ट सांगू लागली. जवान कड्यावर चढले, बर्फ पडत होता.

"कॅप्टनला थंडी नाही वाजत?"

"वाजते."

"मग तो काय करतो?"

माझ्या एकाही पानावर त्याचं उत्तर नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "तो रडतो."

"कॅप्टन?"

"हो. त्याला खूप भीती वाटते. तो आईला हाक मारतो." तिने पोतं त्याच्याभोवती आणखी आवळलं. "ते पान आपल्या अंकात आलेलंच नाही, म्हणून तुला माहीत नाही."

ढमूने विचार केला. "मग मी पण मारू हाक?"

"मार," ताई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "मोठ्याने मार. जाऊ दे सगळं. मी पण मारते."

"आईऽऽ!"

पंख्यांच्या घरघरीत तो आवाज कुठल्या कुठे विरून गेला. दोघं पुन्हा ओरडली. ताईने हातात येईल तो बटाटा उचलून दारावर फेकायला सुरुवात केली. धप्. धप्. मऊ, मुका आवाज. आणि मग अचानक पंखे बंद पडले. गार नळ्यांवर जमलेला बर्फ वितळावा म्हणून ते अधूनमधून बंद करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आता हवाही संपली. मी भीतीने गोठलो. ढमूला मात्र भीती आणि गप्प बसणं यांचा काही संबंध वाटत नसावा. त्या शांततेत त्याने जीव एकवटून जी आरोळी ठोकली, तशी माझ्यात कुणीच कधी ठोकली नव्हती.

बाहेर, आवाराच्या दाराशी, आई जनरलला विचारत होती, "माझी पोरं दिसली का हो? घरी नाहीत, गल्लीत नाहीत." तो सांगत होता, "इकडे कुणी नाही आलं, बाई." आणि तेवढ्यात दोघांनीही मान वळवली.

कडी निघाली. दिवा लागला. जनरल दारात उभा होता आणि त्याचा चेहरा आमच्याहून पांढरा होता. त्याने कोटाची पितळी बटणं अक्षरशः तोडून कोट काढला, ढमूला त्यात गुंडाळलं आणि पळत सुटला. एवढ्या पोटाचा माणूस एवढं धावू शकतो, असं कुणाला वाटलं नसतं. आईने आधी ताईच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तिला इतकं घट्ट धरलं की ताईला श्वास घेता येईना. ताईच्या ओठांना निळा रंग चढला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना ब्लँकेटात गुंडाळून ठेवलं, गोड कोमट पाणी घोट घोट पाजलं. ढमूच्या शर्टातून माझी पानं एकेक काढताना त्या म्हणाल्या, "हे कुणी केलं?" ताई घाबरून म्हणाली, "मी फाडलं." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पानं उशीपाशी ठेवली.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "पोरं आत गेलीच कशी?" त्यांनी विचारलं.

"दार मी लावलं, साहेब," पहारेकरी म्हणाला. "आत न बघता लावलं."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग ती साहेबांना म्हणाली, "आणि आतली मूठ केव्हाची तुटलीय. आम्ही बायकांनी सांगून सांगून तोंडं दुखली. आज माझी पोरं होती. उद्या आमच्यातली कुणी असती."

आईला काही आठवडे कामावर बोलावलं नाही. ते दिवस घरात फार अवघड गेले. मग बोलावणं आलं, आणि तोवर दारांना आतून नव्या मुठी बसल्या होत्या, शेजारी एकेक घंटाही. पोत्यांच्या फटीत सापडलेली माझी दोन-तीन पानं पहारेकऱ्याने आणून दिली. आईने मला चुलीच्या उबेला वाळवलं आणि जाड दोऱ्याने शिवलं. काही पानं परत आलीच नाहीत.

त्यानंतर मुलांनी मला फारसं वाचलं नाही. ढमू बरेच दिवस दिवा लावून झोपायचा. ताई माझं मुखपृष्ठ दिसलं की मला पालथं घालून ठेवायची. पुढे मी ट्रंकेत गेलो आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिलो. मला राग नाही आला. मलाही माझीच गोष्ट पुन्हा वाचवत नव्हती.

अलीकडे ढमूच्या लेकीने मला बाहेर काढलं. "बाबा, ह्यातली पानं कुठे गेली?" तिने विचारलं. "काही माझ्या बुटात गेली," तो म्हणाला. ती खो-खो हसली. मग त्याने तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. तिने माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मला फळीवर उभं ठेवलं.

आता मी तिथेच असतो. त्या पहारेकऱ्याबद्दलही मी ढमूच्याच तोंडून ऐकलं. नोकरी संपेपर्यंत तो एकही दार तसंच लावत नसे. आधी आत डोकं घालून मोठ्याने विचारायचा, "आहे का कुणी आत?" हमाल हसायचे, म्हणायचे, काका बटाट्यांशी बोलतात. तो म्हणायचा, "बोलू दे की मला." आणि थोडा वेळ थांबून, कान देऊन, मगच कडी लावायचा.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. गोदामाचं असो, कपाटाचं असो, गाडीचं असो, दार लावण्याआधी एकदा हाक मारा. आणि कधी आत तुम्हीच असलात, कितीही चुकून, कितीही घाबरून, कुणाचाही ओरडा खायची भीती असली तरी, ओ द्या.