गार्डामागे कोंडलेला रडार

मित्रांनो, मी मोटारीच्या पुढच्या बंपरमागे बसवलेला एक रडार आहे. वयाने लहान आहे, पण माझा राग मोठा आहे. तो आज तुमच्यापुढे मांडतो.

समोरची गाडी किती लांब आहे हे पाहणे आणि धोका दिसताच ब्रेक लावणे, हे माझे काम. देवगाव रंगारीच्या काकासाहेबांनी आमची मोटार घेतली, त्याच महिन्यात पडेगावजवळ पुढचा ट्रक अचानक थांबला. ब्रेक मी लावला. "लई गुणाची गाडी!" काकासाहेब गावभर सांगत सुटले. मी सुखावलो.

मग त्यांनी हौसेने जाडजूड लोखंडी गार्ड बसवून घेतला. तो नेमका माझ्या तोंडासमोर! माझ्या लहरी त्या लोखंडावर आपटून परत येऊ लागल्या. मी आंधळा झालो. दिसत नसताना दिसते म्हणणे मला जमत नाही, म्हणून मी काम थांबवले आणि चालकासमोर पिवळा दिवा लावला.

काकासाहेबांनी काय केले? गाडी धुतली, फ्यूज बदलला, बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली. दिवा लागतच राहिला.

"अवो, शोरूमला तरी दाखवा," त्यांच्या पत्नी सरूबाई म्हणाल्या.

"काय दाखवायचं? सेन्सरच बोगस हाय!" असे म्हणून त्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

मी बोगस? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ओरडणार कसा? माझे तोंडच दाबले होते.

पुढे एका भर दुपारी वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. काकासाहेब बोलण्याच्या नादात होते. मला काहीच दिसले नाही. गाडी धडकली आणि शेजारी बसलेल्या सरूबाईंचा हात मोडला.

शहरात नोकरी करणारी त्यांची मुलगी प्रेरणा धावत आली. आईला प्लास्टर झाल्यावर ती गाडीपाशी गेली आणि चिकटपट्टी ओरबाडून काढली.

"आबा, हा दिवा कधीपासून लागतोय?"

"गार्ड बसवला तवापासून."

"मग गार्ड काढून बघितला का एकदा तरी?"

काकासाहेब पाना आणायला उठले.

गार्ड निघाला. शोरूममध्ये माझी दिशा पुन्हा नीट लावून घेतली. दिवा विझला.

"चूक माझी हाय," काकासाहेब घरी म्हणाले.

"व्हय, ठावं हाय मला. आता भाकरी थापा," सरूबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. आमच्यासमोर काही बसवण्याआधी विचारा. बसवल्यावर दिवा लागला, तर आधी ती वस्तू काढून पाहा. आमचा इशारा झाकून टाकलात, तर हाड आमचे मोडत नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचे मोडते.