नातेवाईक बाहेर थांबतात

गाडी मेहुण्याच्या नावावर आहे आणि चावी सासूबाईंच्या पर्समध्ये. या व्यवस्थेला आमच्या घरात शांतता म्हणतात.

शुक्रवारी गाडी सुरूच होईना, तेव्हा शांतता संपली. मेहुण्याच्या मते ही वयाची लक्षणं होती. कोणाच्या वयाची, ते त्याने सांगितलं नाही. त्याने एक गिऱ्हाईक गाठून रविवारी सकाळी गाडी बघायला बोलावलंसुद्धा. आईने आता टॅक्सीने फिरावं, आणि मावशीकडे रोज जायचंच कशाला, फोन आहे की. मावशी म्हणजे सासूबाईंची अंथरुणाला खिळलेली बहीण. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. तिला फोन उचलता येत नाही, ही किरकोळ बाब त्याच्या ध्यानात नव्हती.

"गाडीला काही झालेलं नाही. बॅटरी संपलीय," सासूबाई म्हणाल्या.

निवृत्त होईपर्यंत त्या इस्पितळात ऑपरेशननंतरच्या खोलीत मुख्य सिस्टर होत्या. भूल उतरेपर्यंत पेशंटच्या उशाशी थांबायचं आणि दाराशी घोटाळणाऱ्या नातेवाइकांना हुसकावायचं. दुसरं काम त्यांना जास्त आवडायचं, असा आमच्या हिचा संशय आहे.

मेहुणा समजूतदारपणे स्वस्तातली बॅटरी घेऊन आला. ही गाडी सिग्नलला आपणहून इंजिन बंद करते आणि ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू करते. उठसूट झोपायचं नि जागं व्हायचं तर बॅटरीही तशी दणकट, खास त्याच कामाची लागते. मेहुण्याचं म्हणणं, बॅटरी ती बॅटरी. सासूबाईंनी ती डिकीतून खालीसुद्धा उतरवू दिली नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी योग्य ती बॅटरी मागवली आणि स्वतः बसवली. आधी मायनसची वायर सोडली, मग प्लसची, लावताना उलट. माझ्याकडे नट सांभाळायला वाटी दिली होती. बॅटरी घेऊन आलेल्या दुकानदाराने यंत्र जोडून गाडीला नव्या बॅटरीची वर्दी दिली आणि जाताना बजावलं, की आता गाडी कुलूप लावून काही तास तशीच राहू द्या. आतला सेन्सर बॅटरीची ओळख करून घेतो, तोवर सिग्नलला इंजिन बंद व्हायचं नाही. मध्ये दार उघडलंत तर पहिल्यापासून सुरुवात.

आमच्या घरात तापाने झोपलेल्या माणसाला हलवून विचारतात, झोप लागली का? त्यामुळे ओळख झाली का हे बघायला मेहुण्याने दार उघडलं. त्याने ते नीट लावलं का हे बघायला हिने उघडलं. मी माझा चष्मा शोधायला उघडलं. तो कपाळावर होता.

संध्याकाळी चक्कर मारली, तर सिग्नलला इंजिन आपलं घुरघुरतच राहिलं. "बिघडलीच आहे," मेहुणा म्हणाला. इतका आनंदी मी त्याला बढती मिळाली तेव्हाही पाहिला नव्हता.

सासूबाईंनी परत येऊन गाडीला कुलूप घातलं, समोर खुर्ची टाकून बसल्या आणि मेहुण्यापुढे हात पसरला. दुसरी चावी त्याच्याकडे होती.

"आई, गाडी माझ्या नावावर आहे."

"जन्मलास तेव्हा इस्पितळात तू माझ्या नावावर होतास. दे."

त्याने दिली. जेवण होईपर्यंत गाडीकडे फिरकायची कोणाची टाप नव्हती. मग दोन्ही चाव्या त्यांच्या उशीखाली गेल्या.

रविवारी गिऱ्हाईक यायच्या आत त्यांनी मुलाला शेजारी बसवलं, मला मागे. पहिलाच सिग्नल लाल मिळाला. इंजिन थांबलं. गाडीत इतकं शांत झालं की मेहुण्याचा श्वास ऐकू आला.

"बंद पडली," तो आशेने म्हणाला.

"झोपलीय. बोलू नकोस."

हिरवा दिवा लागला. त्यांनी पाय उचलला, गाडी कूस बदलावी तशी हलली आणि निघाली. मेहुण्याचं मत पडलं की एकदा झालं म्हणजे काही खरं नाही, पुढच्या सिग्नललाही बघावं लागेल. सासूबाईंनी गाडी कडेला घेतली.

"उतर. तुम्हीही, जावईबुवा."

"अगं, तो माणूस येतोय घरी. त्याला काय सांगू?"

"पेशंट बरा आहे म्हणावं. आणि नातेवाईक बाहेर थांबतात."

गाडी मावशीच्या दिशेने वळली. आम्ही फुटपाथवरून घराकडे चालू लागलो. आई पोचली का ते विचारायला मेहुणा दर कोपऱ्यावर फोन काढत होता. शेवटी मी तो काढून घेतला आणि माझ्या खिशात ठेवला.