रिकामा कसा देऊ?

मी चार पुडांचा स्टीलचा डबा बोलतोय. माझ्या झाकणावर 'चिंधू' असं नाव कोरलंय, पण त्या माणसानं मला एकट्यानं कधी रिकामं केलं नाही. स्टील प्लांटमध्ये जेवायची सुट्टी झाली, की माझं झाकण पुरतं निघायच्या आधीच चौघांचे हात आत! तीस वर्षं मी त्याच्या सायकलीला लटकून ड्युटीवर गेलो. एका बाजूनं चेपलो, कडी दोनदा बदलली.

तो रिटायर झाला, तसा मीही झालो. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरात कपाटावर चढून बसलो. पोटात सुटी बटणं आणि एक बंद पडलेलं घड्याळ. डब्याच्या नशिबी याहून वाईट काय यावं?

एके दिवशी चिंधूची बायको सत्यभामा दवाखान्यात कोणाला तरी पाहून आली आणि तशीच स्टुलावर चढली.

"पेशंटले जेवण भेटते, पण त्याच्यासंगच्या बाईले कोन देते? पायऱ्यांवर बसून बिस्किटं खाऊन राहिल्या बिचाऱ्या!"

"आई, उतरो, गिर जाओगी!" हिंदी बोलणारी सून रेणू ओरडली. तोवर बटणं ताटात आणि मी नळाखाली.

त्या दिवसापासून माझी नवी ड्युटी लागली. सकाळी अकराला सत्यभामा मला भरून एखाद्या बाईच्या हाती द्यायची, संध्याकाळी परत न्यायची. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत ना? त्या बायाही काहीबाही टाकायच्या. अहिवारा गावच्या एकीनं मूठभर बोरं दिली, दुसरीनं मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, दोन शेंगा. मी घरी पोचलो, की रेणू आधी झाकण उघडून बघायची.

मग आली रसमडा गावची हिरा. नवरा स्कूटरवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. सत्यभामानं मला तिच्या हाती दिलं आणि सवयीनं गंमत केली, "रिकामा नको आणू वो बाई!"

झालं! हिरा जेवली आणि मला लख्ख घासून माझ्या रिकाम्या पोटाकडे बघत बसली. टाकणार काय? संध्याकाळी सत्यभामा दिसली, तशी ती खांबामागे लपली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मी तिच्या पिशवीत आणि ती नळाच्या पाण्यावर. तिच्या पोटातली गुरगुर मला ऐकू यायची. माझा आवाज केवढा मोठा, पण कोणी आपटल्याशिवाय निघत नाही, काय करता!

घरी काय झालं ते मागाहून कळलं. रेणू म्हणाली, "गया डब्बा!" सत्यभामा म्हणाली, "डब्बा गेला तं जाऊ दे. ते बाई जेवली का नाई?"

चौथ्या दिवशी सत्यभामा शोधत शोधत थेट खांबामागे हजर. हातात पातेलंभर वरणभात.

"कावून लपून राहिली वो?"

"मावशी, रिकामा कसा देऊ? माह्याजवळ टाकाले काहीच नाई."

सत्यभामानं पातेलं तिच्यापुढे ठेवलं. "जळो माही जीभ! खाय आधी."

हिरानं चार घास खाल्ले आणि थांबली. "मावशी, त्या कोपऱ्यातल्या बाईनं कालपासून काई खाल्लं नाई. अन् त्या बाळंतिणीची सासू, ते बी उपाशीच हाय." तीन दिवस लपून बसलेल्या माणसाला कोण जेवतं, कोण नाही, सगळं दिसलं होतं.

"हेच टाकत जाय डब्यात," सत्यभामा म्हणाली. "कोन उपाशी हाय, तेवढं सांग. बाकी मले काई नको."

हिराचा नवरा कुबड्यांवर घरी गेला. जाताना तिनं डबा घेणाऱ्या पुढच्या बाईला तिथं कोण कोण उपाशी असतं, ते सांगून ठेवलं. आता आम्ही पाच डबे आहोत. त्यात रेणूच्या माहेरचा गुलाबी प्लास्टिकचाही आहे, तो भारी तोऱ्यात असतो.

माझ्यासारखा कोणी तुमच्या हाती आला, तर पोटभर जेवा आणि खुशाल रिकामा परत करा. घासला नाही तरी चालेल. परत मात्र करा, बरं! उद्या अकरा वाजता त्या पायरीवर आणखी कोणीतरी बसलेलं असणार.