शून्य पावसाचे रविवार

सात वर्षं त्या बेटावर रविवारी पाऊसच पडला नाही. निदान सेमिसींच्या वहीत तरी.

लोसेचे वडील सेमिसी रविवारी चर्चमध्ये प्रवचन देत आणि बाकीचे दिवस अंगणातलं पर्जन्यमापक सांभाळत. सकाळी नऊला गुडघे टेकायचे, काचेच्या नळीतल्या पाण्याला डोळा भिडवायचा, आकडा टिपायचा. टोंगात रविवारी काम म्हणजे पाप, म्हणून त्या रकान्यात शून्य. पाणी सोमवारच्या नावावर जाई.

एकदा राजधानीतून पत्र आलं : 'आपले रविवार अद्भुत आहेत. खरी नोंद जमत नसेल तर मापक दुसऱ्या बेटावर हलवू.'

आज पन्नाशीत असलेल्या लोसेला वडिलांचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो. खेळणं हिसकावलेल्या पोरासारखा.

"रविवारी भट्टीत कोंबडी भाजलेली चालते तुमच्या देवाला," आई म्हणाली, "आणि त्याचाच पाऊस बघितलेला चालत नाही?"

"भाजणं पोटासाठी असतं, तेलेसिआ."

"आणि बघण्याचं काय मिळतं तुम्हाला?"

"काही नाही. मजा वाटते."

"मग ते काम कसलं, कपाळ!"

पुढच्या रविवारी पाऊस धो धो कोसळून गेल्यावर, चर्चला जाताना नेसायची चटई कमरेला बांधून, लोसेला घेऊन सेमिसी मापकापाशी चिखलात गुडघ्यावर बसले.

"एकतीस पूर्णांक चार. आणि हे बघ पोरी, पाणी कडेला कसं वर चढलंय."

"का चढतं, बाबा?"

"काचेची ओढ असते त्याला. मोजता येते म्हणे ती. कुणी लावली ते मात्र मला ठाऊक आहे." मग ते उठले. "लिहिणं म्हणजे कामच. आकडा तू डोक्यात ठेव, माझ्या डोक्यात प्रवचन आहे."

चर्चमध्ये सगळी गाणी होईपर्यंत लोसे आकडा पुटपुटत बसली. प्रवचन नोहाच्या महापुराचं होतं. "आणि पाऊस पडला..." म्हणून सेमिसी अडले. त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. राहवेना.

"किती गं?"

"एकतीस पूर्णांक चार!"

भिजून आलेलं अख्खं चर्च म्हणालं, "आमेन!"

सोमवारी आकडा रविवारच्या रकान्यात गेला. सोबत राजधानीला चिठ्ठी : 'मागची शून्यं माझी, आभाळाची नव्हेत. माफी असावी.'

मापक राहिलं. पुढे कितीतरी रविवार लोसे चिखलाचे गुडघे घेऊन चर्चला गेली, आणि एरवी नखातला मळ शोधणारी आई खिडकीबाहेर बघत बसली.